बोलणाऱ्या वस्तू आणि कामकरी बायका

(कामकरी बायकांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मला दिलेला विषय कागदावर मोठा भारदस्त दिसतो : 'इंटरनेट ऑफ थिंग्ज आणि त्याचा व्यवसायातला वापर'. शिबिराची पत्रिका वाचून दोघीतिघींनी मला विचारलं, हे आपल्यात कशाला? हे तर साहेबलोकांनी हॉटेलात बसून ऐकायचं. पण विचारणाऱ्यांपैकी एक जण सफाई खात्यात काम करते, आणि दोन वर्षं हाच विषय तिच्या मनगटावर बांधलेला होता. तिला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

तर आधी नाव समजून घेऊ. इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणजे वस्तूंचं इंटरनेट. आपण मोबाईलवरून निरोप पाठवतो तेव्हा एका टोकाला माणूस असतो, दुसऱ्या टोकालाही बहुधा माणूसच असतो. इथे वस्तूच निरोप पाठवते. फ्रिज सांगतो मी तापलो, मीटर सांगतो इतके युनिट झाले, ट्रक सांगतो मी अमुक नाक्यावर उभा आहे. त्यासाठी वस्तूच्या पोटात काहीतरी जाणून घेणारं लागतं : उष्णता, ओल, वजन, ठिकाण, जे हवं असेल ते. मग एक छोटी चिप लागते आणि निरोप बाहेर धाडायला सिमकार्ड किंवा बिनतारी जोडणी. निरोप जाऊन पडतो कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये. आणि तिथे त्या निरोपावरून कुणीतरी काहीतरी ठरवतं. धंदा आहे तो या ठरवण्यात. नुसत्या बोलक्या फ्रिजसाठी कुणी पैसे मोजत नाही.

याचा जन्म कशातून झाला ते ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. लिपस्टिकमधून! प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण-पावडरी विकणारी मोठी कंपनी. तिथे केविन ॲश्टन नावाचा एक तरुण अधिकारी सौंदर्यप्रसाधनांचा विभाग बघत होता. लिपस्टिकची एक तपकिरी छटा दुकानाच्या फळीवर कधी नसायचीच. कंपनीचे कागद म्हणत, माल आहे. फळी म्हणे, नाही. कारण फळी रिकामी झाल्याचं कुणीतरी माणसाने पाहून कळवल्याशिवाय कंपनीला कळणार कसं? मग त्याच्या डोक्यात आलं, की प्रत्येक डबीत एक चिमुकली चिप घालावी आणि फळीनेच कंपनीला सांगावं, माझ्याकडे इतक्या उरल्या. १९९९ साली त्याने वरिष्ठांपुढे ही कल्पना मांडली तेव्हा तिला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' असं नाव दिलं. तेच पुढे जगभर रूढ झालं.

त्या कल्पनेत एक गोष्ट पहिल्यापासून होती, ती तुम्ही ध्यानात ठेवा. माणसाने दिलेली खबर अपुरी असते. माणूस विसरतो, कंटाळतो, चुकतो. म्हणून त्याला विचारूच नका, वस्तूलाच विचारा. लिपस्टिकच्या बाबतीत यात वावगं काही नाही. लिपस्टिकला लाज नाही, पोट नाही, पाळी नाही. प्रश्न सुरू होतो तो हीच रीत जिवंत बाईला लावली जाते तेव्हा.

आणि मी काही यंत्राच्या विरोधात बोलायला उभी राहिलेली नाही. तुमच्यात आशाताई बसल्यात, नर्सबाई बसल्यात, त्यांना लसीचा फ्रिज ठाऊक आहे. बऱ्याचशा लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०१५ साली 'ईविन' नावाची योजना सुरू केली. फ्रिजमध्ये तापमापक बसवला, तापमान हद्दीबाहेर गेलं की मोबाईलवर निरोप येतो. वीज गेली, फ्रिज बिघडला, तरी लस खराब होण्याआधी कुणीतरी धावत येऊ शकतं. लेकरांचे जीव त्यावर अवलंबून आहेत. छान योजना आहे. पण तीच लस वैशाखाच्या उन्हात गावोगावी पोचवणारी जी बाई आहे, तिला किती अंश सोसवतात हे मोजणारा तापमापक कुठे बसवलाय? लसीला ऊन सोसत नाही हे यंत्राला कळतं. बाईचं कळत नाही, कारण कुणी त्याला ते कळवून घ्यायला सांगितलेलं नाही.

आता मनगटावरच्या घड्याळाकडे येते. त्यावर मला जरा सावकाश बोलायचं आहे.

नागपूर महापालिकेने २०१७-१८ च्या सुमाराला सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधायला सुरुवात केली. नवी मुंबईत ती आली, तिकडे चंडीगड, पंचकुल्यात आली. चंडीगडला त्या व्यवस्थेला नाव काय दिलं? 'ह्यूमन एफिशियन्सी ट्रॅकिंग सिस्टिम'. म्हणजे माणसाची कार्यक्षमता हुडकण्याची यंत्रणा. झाडू मारणाऱ्यांत बायका किती असतात आणि त्या कुठल्या जातींतल्या असतात, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही. देशातल्या नोकरदारांपैकी कुणाच्या अंगावर यंत्र बांधून पाहायचं, असा प्रश्न आला तेव्हा पहिलं मनगट आठवलं ते सफाई कामगाराचं. कचेरीतल्या साहेबाचं नाही आठवलं.

हे घड्याळ काम कसं करतं? पुष्कळ जणींना वाटतं की वरून उपग्रह आपल्याला बघतोय. तसं नाही. उपग्रह नुसते सारखे वेळेचे इशारे पाठवत असतात. घड्याळ निदान चार उपग्रहांचे इशारे पकडतं आणि त्यावरून आपण कुठे आहोत याचा हिशेब करतं. तो हिशेब मग सिमकार्डातून, आपल्या फोनसारखाच, कंपनीच्या कॉम्प्युटरला पोचतो. तिथे नकाशावर प्रत्येकीच्या कामाच्या हद्दीभोवती एक रेघ मारलेली असते. इंग्रजीत तिला कुंपणासारखं काहीसं नाव आहे, मी तिला लक्ष्मणरेषा म्हणते. रेषेच्या आत असलात तर हजर, बाहेर गेलात तर गैरहजर.

यातली गोम अशी. उंच इमारतींच्या मधल्या बोळात उपग्रहाचा इशारा भिंतींवर आपटून येतो आणि हिशेब कित्येक मीटरनी चुकतो. बाई गल्लीत झाडत असते, नकाशावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. मोबाईलची रेंज गेली की ठिपकाच नाही. बॅटरी उतरली की ठिपका नाही. रेंज घड्याळाला नाही, गैरहजेरी मात्र बाईची. आणि गैरहजेरी म्हणजे पगारातून कात्री. नागपुरात घड्याळाच्या बिघाडापायी पगार कापला गेल्याच्या तक्रारी कामगारांनी केल्या त्या याच कारणाने.

त्याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. पंचकुला आणि चंडीगडकडच्या घड्याळांत कॅमेरा आणि माइक असल्याचं बातम्यांत आलं. तिथल्या बायकांनी सांगितलं, की घड्याळ हातात असताना आम्हाला बाथरूमला जायची भीती वाटते. कॅमेरा चालू आहे की बंद, ते आपल्याला कळत नाही. समजा साहेब म्हणाले, की अहो, तो कॅमेरा फक्त हजेरीच्या फोटोपुरता आहे, दिवसभर बंदच असतो. असेलही. पण बाईला ते तपासून बघता येतं का? कामाच्या वेळात तिने घड्याळ काढून ठेवलं तर ती गैरहजर ठरते. मग ती काय करणार? पाणी कमी पिणार, लघवी दाबून धरणार. हे आपल्याला नवीन नाही. शहरात बायकांना मुताऱ्याच नाहीत म्हणून आपण वर्षानुवर्षं दाबून धरत आलोय, मूत्रमार्गाचे आजार काढत आलोय. आता मुतारी असली तरी जाण्याची धास्ती. आणि मुतारी लक्ष्मणरेषेच्या बाहेर असली तर? नकाशावर रेघ मारणाऱ्याने ती मारताना मुतारी कुठे आहे हे बघितलं होतं का, एवढा साधा प्रश्न मी एका अधिकाऱ्याला विचारला होता. ते म्हणाले, तो भाग कंत्राटदार कंपनीकडे आहे.

चंडीगडच्या सफाई कामगारांनी २०२० साली या घड्याळांच्या विरोधात निदर्शनं केली. त्यावर अधिकाऱ्यांची आणि बऱ्याच शहाण्यासुरत्या नागरिकांचीही प्रतिक्रिया ठरलेली असते : काम चोख करत असाल तर भीती कसली? याच नागरिकांना त्यांच्या कचेरीत कुणी घड्याळ बांधायला सांगितलं, तर ते कोर्टात जातील. असो.

पण मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुमच्यातल्याच कुणीतरी उठून सांगेल. एका सफाई कामगार मैत्रिणीने मला सुनावलं, "ताई, तुम्ही घड्याळाला नावं ठेवता. पण आधी माझी हजेरी मुकादमाच्या पेनात होती. त्याला चहापाणी दिलं नाही की खाडा. कधी अंगाला हात लावू दिला नाही की खाडा. घड्याळ तरी हात लावत नाही." मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यावर 'घड्याळं जाळून टाका' अशी घोषणा मला देता येत नाही. मुकादमाच्या वहीपेक्षा यंत्र बरं, असं एखादीला वाटत असेल तर त्या वहीनेच तिला किती छळलं असेल! शिवाय कंत्राटदार कागदावर जास्त माणसं दाखवतो आणि रस्त्यावर कमी आणतो, हा पालिकांमधला जुना रोग आहे. यंत्राने तो उघडा पडत असेल तर पडू दे. माझं म्हणणं इतकंच, की ज्या यंत्राला बाई गल्लीच्या बाहेर दहा पावलं गेलेली दिसते, त्याला कंत्राटदाराने तिचा भविष्यनिर्वाह निधी भरला की नाही हे का दिसत नाही? किमान वेतन दिलं की नाही? हातमोजे, बूट दिले की नाही? हे सगळं मोजता येण्याजोगं आहे. मोजायला सांगणारा कुणी नाही.

कारण यंत्र कोण विकत घेतं, यावर ते काय मोजणार हे ठरतं. खरं म्हणजे विकतही घेत नाहीत. या धंद्याची रीत अशी आहे, की वस्तू भाड्याने द्यायची. दरमहा प्रत्येक घड्याळामागे पालिका कंपनीला भाडं भरते. घड्याळ, सिमकार्ड, नकाशा, महिन्याचा अहवाल, सगळं त्यात आलं. म्हणजे झाडणाऱ्या बाईवर नजर ठेवण्याचा खर्च कायमचा अंदाजपत्रकात जाऊन बसला, आणि झाडणारी बाई मात्र कंत्राटीच राहिली.

याच सूत्राची मोठी आवृत्ती बघायची असेल तर गोदामं बघा. ऑनलाइन मागवलेली वस्तू आपल्या दारात येते, त्याआधी ती अवाढव्य गोदामात फळीवर असते. तिथल्या कामगाराच्या हातात स्कॅनर असतो. वस्तू उचलली, ठेवली, की स्कॅनरने टिपायची. फ्रान्समध्ये ॲमेझॉनच्या गोदामांत या स्कॅनरवरून तीन गोष्टी मोजल्या जात. एका वस्तूनंतर दुसरी सव्वा सेकंदाच्या आत टिपली तर चूक, म्हणजे घाई केलीत. एक ते दहा मिनिटांचा खंड पडला तर त्याची नोंद. दहा मिनिटांच्या वर हात थांबला तर त्याची वेगळी नोंद. थोडक्यात, भराभर केलंत तरी पकडलं, थांबलात तरी पकडलं. व्यक्तिगत माहितीचं रक्षण करणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने २०२३ च्या डिसेंबरात कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. आयोगाचं म्हणणं असं, की इतकं बारीक मोजलंत तर कामगाराला प्रत्येक विसाव्याचा जाब द्यावा लागेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२२ पासून कायदा लागू केला, की गोदामात कामाचा कोटा काय आहे ते कामगाराला लेखी सांगितलं पाहिजे आणि ज्या कोट्यापायी जेवायला किंवा बाथरूमला जाता येत नाही तो चालणार नाही.

आणि आपल्याकडे? २०२४ साली हरियाणात मानेसरच्या ॲमेझॉन गोदामाबद्दल बातमी आली, की सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा बाथरूमला जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेववली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्राच्या कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली. शपथ! म्हणजे सव्वा सेकंदाचं यंत्र एका हातात आणि देवासमोर घ्यायची ती शपथ दुसऱ्या हातात. भांडवलाला नवं-जुनं दोन्ही चालतं.

आता आपल्या शेताकडे वळते, कारण या वस्तू शहरातच राहिलेल्या नाहीत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचा आधार घेऊन उसासाठी एक प्रयोग हाती घेतला, २०२४ मध्ये तो सुमारे हजार शेतकऱ्यांपर्यंत न्यायचं ठरलं. शेतात छोटं हवामान केंद्र, मातीत ओल मोजणारी उपकरणं, वरून उपग्रहाची चित्रं. उसाच्या मुळाला आज पाणी हवं की नको, हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतं. पाणी वाचतं, खत वाचतं, उतारा वाढतो असं सांगतात. चांगलंच आहे. मराठवाड्यासारख्या भागात पाणी वाचवणारं काहीही चांगलंच.

पण तो ऊस तोडतं कोण? बीड, अहिल्यानगरकडून जाणारी जोडपी. त्यांना एकत्र मिळून काय म्हणतात? एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, म्हणजे बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बाईची वेगळी मजुरी नाही, वेगळं नाव नाही. ती मोजलीच जात नाही. मोजतात ते एकच : तिचा खाडा. पाळीत, बाळंतपणात, तापात ती थांबली की खाड्याचे पैसे कापतात. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली तेव्हा २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा कुठल्याही यंत्राने आपणहून पाठवला नव्हता. बायका बोलल्या, पत्रकारांनी लिहिलं, संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तो मोजला गेला. उसाच्या मुळाशी किती ओल आहे ते आज मिनिटामिनिटाला कळू शकतं. ऊस तोडणारीच्या पोटात काय चाललंय ते कळायला एवढी वर्षं लागली.

इथे कुणी म्हणेल, ताई, मोजलं तरी वाईट, नाही मोजलं तरी वाईट, मग तुमचं म्हणणं तरी काय? म्हणून दुधाचं उदाहरण देते. गावातल्या डेअरीत पूर्वी काय व्हायचं, आठवा. दूध घालायला बाई गेली की माप त्याच्या हातात, फॅट किती लागलं ते तो सांगेल ते. आता बऱ्याच संकलन केंद्रांत इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅटचं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. किती लिटर, किती फॅट, किती पैसे, आकडा समोर दिसतो आणि चिठ्ठी हातात येते. बाई ती चिठ्ठी पदराला बांधून घरी आणते आणि दहा दिवसांनी पैसे आले की ताडून बघते. भांडूही शकते. तेही यंत्रच आणि सफाई कामगाराचं घड्याळही यंत्रच. फरक कशात आहे? दुधाचा आकडा दूध घालणारीला दिसतो. घड्याळाचा आकडा घड्याळ घालणारीला दिसत नाही. (दुधाचा आकडा दिसला तरी खातं बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतं, ते आपलं वेगळं भांडण आहे. ते सोडलेलं नाही.)

दुधाचंच आणखी एक. आता गाई-म्हशींच्या गळ्यात पट्टा किंवा पायात पावलं मोजणारं यंत्र बसवतात. गाय माजावर आली की जास्त चालते, म्हणून पावलं वाढली की मोबाईलवर निरोप : डॉक्टरला बोलवा. कंपन्या हे नवं ज्ञान म्हणून विकतात. गोठ्यात उभं आयुष्य काढलेल्या आपल्या आज्या-मावश्यांना हे कधीपासून माहीत आहे! त्यांना त्याबद्दल कुणी छदाम दिला नाही. पण ते राहू दे, मोठ्या गोठ्यात दीडशे जनावरांवर नजर ठेवायला पट्टा कामाचा आहे, मी नाही म्हणत नाही.

शहरात तुमच्यातल्या घरकामगार मैत्रिणींना दुसराच पट्टा आहे. सोसायटीच्या गेटवरचं ॲप. तुम्ही आत शिरलात की सुरक्षारक्षक नोंद करतो आणि चार घरांच्या मालकिणींच्या फोनवर एकदम घंटी वाजते : आली. बाहेर पडलात : गेली. काही ठिकाणी तुम्हाला तारेही देतात, हॉटेलला देतात तसे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हापासून आपण हक्काची रजा, आजारपणाची रजा मागत आलोय. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी बाई एका घरी किती वर्षं, रोज किती तास राबली याचा कागद तिच्याकडे नसतोच. कामावरून एका दिवसात काढली तर ती काय दाखवणार? आणि आता बघा, तो कागद प्रत्यक्षात तयार होतोय. रोजचा आत आल्याचा मिनिट, बाहेर गेल्याचा मिनिट, वर्षानुवर्षांचा. तिच्या श्रमाचा इतका चोख पुरावा यापूर्वी कधी झाला नव्हता. तो सगळ्यांकडे आहे, मालकिणीकडे, सोसायटीकडे, कंपनीकडे. फक्त तिच्याकडे नाही. माझ्या मते घरकामगार संघटनांनी गेटवर नोंद नको असं म्हणत बसण्यापेक्षा ती नोंद आमच्या हातात द्या, ही मागणी लावून धरावी. यावर आपल्यात मतभेद आहेत, मला माहीत आहे, चर्चेत बोलू.

यंत्राचा आकडा बाईच्या बाजूने लावून घेता येतो याचं एक मोठं उदाहरण आहे, ते सेवा या संघटनेचं. उन्हात काम करणाऱ्या बायका : मिठागरातल्या, फेरीवाल्या, बांधकामावरच्या. सेवाने त्यांच्यासाठी उष्णतेचा विमा आणला. त्यात बाईने डॉक्टरचा दाखला आणायचा नाही, किती नुकसान झालं ते सिद्ध करायचं नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पारा गेला की पैसे खात्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या २२ जिल्ह्यांतल्या सुमारे ५० हजार बायका त्यात होत्या. रक्कम फार नाही. थेट मदतीचे चारशे रुपये आणि त्यावर विम्याचा भाग. पण तत्त्व बघा : पारा साक्षीदार झाला, आणि तो बाईच्या बाजूने साक्ष देतो. हे कंपनीला आपणहून सुचलेलं नाही. बायकांची संघटना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती म्हणून घडलं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पण त्याच्या सातव्या कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे. नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, कामगाराची माहिती तिची संमती न घेताही वापरता येते. संमतीचं मला तसं फार कौतुक नाही. नोकरी हवी असलेली बाई नाही म्हणेल कशी? तरी विचारायचीही गरज नाही असं म्हणणं म्हणजे कमालच.

म्हणजे कायद्यावर भरवसा ठेवून बसता येणार नाही. अंगणवाडीताईंनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय केलं ते आठवा. सरकारने दिलेले मोबाईल जुने झालेले, जागेवर गरम होणारे, त्यांत केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप धड चालत नव्हतं, ते मराठीतही नव्हतं, आणि माहिती भरली नाही तर ठपका ताईंवर. राज्यभर हजारो ताईंनी ते मोबाईल एका मागोमाग एक नेऊन कार्यालयांत परत केले. त्या असं म्हणाल्या नाहीत, की आम्हाला मोबाईल वापरता येत नाही. त्या म्हणाल्या, चांगला द्या आणि आमच्या भाषेत द्या. टेबलांवर मोबाईलचे ढीग पडले तेव्हा हा प्रश्न मुंबईपर्यंत पोचला.

आता कामाचं बोलते आणि थांबते. जिथे जिथे पालिकेने किंवा सरकारी खात्याने असं यंत्र बाईच्या अंगावर, हातात किंवा दारात बसवलं आहे, तिथला कंपनीशी झालेला करार ही सरकारी कागदपत्रं आहेत. ती माहितीच्या अधिकारात मागता येतात. मागायचं काय? कराराची प्रत. दर घड्याळामागे महिन्याचं भाडं. काय काय मोजलं जातं. ते कुणाला दिसतं आणि किती दिवस ठेवतात. यंत्र बिघडलं तर कंपनीला दंड आहे का, की फक्त बाईलाच? एका वर्षात यंत्राच्या हजेरीवरून एकूण किती पगार कापला? हे सगळं एका अर्जात कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. दोन-तीन जणींनी वेगवेगळे अर्ज वाटून घ्या. पगारकपातीचा आकडा मागताना बायकांची नावं मागू नका. व्यक्तिगत माहितीच्या नव्या कायद्याने माहिती अधिकारातलं आठवं कलम बदललंय, नावं मागितलीत की तेवढं एक कारण काढून अख्खा अर्ज फेटाळतील. स्वतःच्या हजेरीची नोंद मात्र स्वतःच्या नावाने जरूर मागा.

खाजगी कंपनीत आणि सोसायटीत हा मार्ग नाही. तिथे युनियनने मागणीपत्रात घालावं लागेल : यंत्रावरची माझी नोंद दर महिन्याला पगारपत्रकासोबत मला मिळाली पाहिजे आणि तिच्यावर हरकत घेण्याची मुदत मिळाली पाहिजे. मागणीपत्राचा मसुदा दुपारच्या गटचर्चेत करू.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे नमुने बाहेर सतरंजीजवळच्या टेबलावर ठेवलेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडा. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारखेसह शिक्का मारून घ्या, आणि पोच नवऱ्याच्या खिशात नको, आपल्या पिशवीत ठेवा. तीस दिवस तिथूनच मोजायचे आहेत.